लाल फुल्यांचे कॅलेंडर

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात पोलादाच्या कारखान्यात कामगार मेला, तर त्याची नोंद कोरोनरच्या दप्तरात होई आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटे. कोरोनर म्हणजे अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते. १९०७ साली सव्वीस वर्षांची एक तरुणी हे दप्तर उघडून बसली आणि त्यातील एकेक नाव घेऊन त्या-त्या घराचा पत्ता शोधत निघाली. तिचे नाव क्रिस्टल ईस्टमन.

त्यांचा जन्म १८८१चा. आईवडील दोघेही धर्मोपदेशक. त्या काळात स्त्रीने चर्चमध्ये प्रवचन देणे दुर्मीळच होते. लहानपणी घरात स्कार्लेट फीवर शिरला. त्यात थोरला भाऊ दगावला, क्रिस्टलही आजारी पडल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्र आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून कायदा शिकून त्या बाहेर पडल्या, पण स्त्री वकिलाला कामावर घेणारे फारसे कुणी नव्हते. तेवढ्यात पॉल केलॉग यांनी पिट्सबर्गच्या औद्योगिक जीवनाची मोठी पाहणी हाती घेतली आणि अपघातांचा विभाग ईस्टमन यांच्याकडे सोपवला.

त्यांची पद्धत साथरोगतज्ज्ञाला शोभेल अशी होती. कालावधी नेमका ठरवला: जुलै १९०६ ते जून १९०७. प्रदेश ठरवला: पिट्सबर्गभोवतीची अ‍ॅलेगेनी काउंटी. या एका वर्षात, एका काउंटीत, कामावर ५२६ माणसे मेली होती. १९५ पोलाद कामगार, १२५ रेल्वे कामगार, ७१ खाणकामगार आणि उरलेले इतर धंद्यांतले. बहुतेक जण चाळिशीच्या आतले. शिवाय तीन महिन्यांत रुग्णालयांत आलेल्या ५०९ जखमींचीही त्यांनी माहिती जमवली. कामगारांत इटालियन आणि स्लाव्ह स्थलांतरित खूप, म्हणून त्या भाषा जाणणारे सहकारी बरोबर घेतले. प्रत्येक मृत्यूमागे एक लाल फुली असे वर्षाचे एक कॅलेंडरही या पाहणीतून तयार झाले. फुलीशिवायचे दिवस त्यात शोधावे लागत.

कारखान्यांचे अधिकारी सांगत की शंभरांतले पंच्याण्णव अपघात कामगारांच्या निष्काळजीपणामुळे होतात. ईस्टमन यांनी प्रकरणे एकेक करून तपासली तेव्हा हा आकडा टिकला नाही. बहुसंख्य मृत्यूंत मेलेल्या माणसाकडे बोट दाखवता येत नव्हते. जिथे येत होते तिथेही त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. बारा तासांच्या पाळीच्या शेवटी, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, उष्णतेत उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष क्षणभर ढळले, तर त्याला निष्काळजीपणा म्हणायचे का? थकवा आणि अपघात यांचे नाते आज वैद्यकशास्त्रात वेगळे सिद्ध करावे लागत नाही. तेव्हा मात्र ते मांडायला धाडस लागे.

मग त्या पैशांकडे वळल्या. विधवेला भरपाई हवी असेल तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे, आणि मालकाकडे तीन ढाली होत्या: धोका माहीत असूनही त्याने काम पत्करले, चूक त्याच्या सोबत्याची होती, किंवा थोडी चूक त्याचीही होती. तीनपैकी एक लागू पडली तरी दावा बुडे. परिणाम असा की निम्म्याहून अधिक कुटुंबांच्या हाती शंभर डॉलर किंवा त्याहून कमी पडले, कित्येकांच्या हाती काहीच नाही. शंभर डॉलर अंत्यविधीतच संपत. जखमींची स्थिती काही बाबतीत याहून बिकट होती. हात गमावलेल्या माणसाची कमाई थांबे, पण त्याचे जेवणखाण आणि औषधपाणी घरालाच करावे लागे. अहवालाचा हा भाग डॉक्टरांनी आजही वाचावा असा आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीत हे घर दिसत नाही.

त्यांचा निष्कर्ष सरळ होता. दोष कुणाचा हे शोधत बसू नये, अपघात हा त्या धंद्याचाच खर्च समजावा आणि तो धंद्यानेच भरावा. जर्मनीने १८८४ साली आणि ब्रिटनने १८९७ साली हा मार्ग धरला होता. भारतातही १९२३चा कामगार भरपाईचा कायदा याच तत्त्वावर आला.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी ईस्टमन यांना चौदा जणांच्या आयोगावर नेमले. त्यात स्त्री एकटी त्याच. आयोगाच्या शिफारशीवरून १९१० मध्ये कायदा झाला, त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी आले. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाला पैसे द्यायला लावणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणे, असे न्यायालयाचे मत पडले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमधील ट्रायँगल कपडा कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. शेवटी १९१३ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून पुढच्या वर्षी नवा कायदा लागू झाला.

या व्यवस्थेची किंमत कामगारानेही मोजली. ठरावीक रक्कम मिळू लागली, पण मालकावर दावा लावण्याचा हक्क गेला. हळूहळू फुप्फुसे निकामी करणाऱ्या धुळीचे बळीही सुरुवातीला बहुतेक राज्यांच्या कायद्यांबाहेरच राहिले, कारण त्यांना अपघाताची तारीख नव्हती.

ईस्टमन पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या आणि युद्धविरोधी चळवळीत गेल्या. १९२८ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. तोपर्यंत बहुतेक राज्यांत भरपाईचे कायदे झाले होते. सर्वांत शेवटी मिसिसिपीने केला, १९४८ साली.