प्रयोग म्हणजे नेमकं काय? हाफकिन यांची गोष्ट आणि माझी बॅटरी

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरचा. मध्यंतरी मी बॅटरी वाचवणारं एक ॲप टाकलं. बॅटरी जास्त टिकली, म्हणून धरणावर जमलेल्या मित्रांनाही ते छातीठोकपणे सुचवलं. नंतर आठवलं, त्याच दिवशी मी ब्राइटनेसही कमी केला होता! मग फरक नेमका कशामुळे पडला? हे कसं शोधायचं, ते मला वाल्देमार हाफकिन यांच्या आयुष्यातून कळलं.

हाफकिन यांचा जन्म 1860 चा, ओडेसा शहरातला. पॅरिसमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि 1892 मध्ये आधी स्वतःला टोचली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. तिथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला तीही आधी स्वतःच घेतली. पण एकट्याने घेऊन लस प्लेग रोखते का, हे कळत नाही. त्यासाठी तुलना लागते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. जागा तीच, साथ तीच, बदल फक्त लसीचा. या बदलणाऱ्या गोष्टीला म्हणतात व्हेरिएबल, आणि लस न घेतलेला गट म्हणजे कंट्रोल ग्रुप. त्या गटात 12 जणांना प्लेग झाला, 6 दगावले. लस घेतलेल्यांत 2 आजारी पडले, दगावलं कुणीच नाही. आज मात्र कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे निवडीत पक्षपात राहत नाही.

1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. हाफकिन यांना कामावरून दूर केलं. पण इथेही तुलनाच कामाला आली. ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते, बाकी बाटल्यांवाले ठणठणीत. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याचंही समोर आलं. तरी निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. 1930 मध्ये ते गेले.

मीही मग पुन्हा करून बघितलं. तोच फोन, तोच ब्राइटनेस, तेवढाच वापर. तीन दिवस ॲपसह, तीन दिवस ॲपशिवाय. फरक काहीच नाही! ॲप काढून टाकलं, आणि मित्रांनाही तसं सांगितलं.