क्रिश्चियन डॉप्लर : रक्तप्रवाहाचा वेग सांगणाऱ्या नियमाचे जनक

शरीराला कोणताही छेद न देता यकृतातील रक्त किती वेगाने वाहते आणि श्वासागणिक त्यात कसा बदल होतो, हे आज सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहता येते. या तपासणीचा पाया असलेला नियम ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ क्रिश्चियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडला. हा नियम त्यांनी ताऱ्यांचे रंग उलगडण्यासाठी शोधला होता. वैद्यकशास्त्राचा त्यात विचारही नव्हता. आयुष्यभर प्रकृतीशी झगडणाऱ्या डॉप्लर यांचे वयाच्या ४९ व्या वर्षी फुफ्फुसाच्या आजाराने निधन झाले.

डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. त्यांच्या घराण्यात दगडकामाचा पिढीजात व्यवसाय होता. मात्र नाजूक प्रकृतीमुळे हे कष्टाचे काम त्यांना झेपणारे नव्हते. त्यांची गणितातील गती साल्झबुर्ग येथील अध्यापक सिमॉन स्टाम्फर यांच्या लक्षात आली आणि त्यांच्या सल्ल्यानुसार १८२२ मध्ये डॉप्लर व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निक संस्थेत दाखल झाले. पुढे १८२९ मध्ये त्याच शहरात त्यांना गणिताचे साहाय्यक म्हणून नेमणूक मिळाली. ही नेमणूक कायम स्वरूपाची नव्हती. १८३३ मध्ये तिची मुदत संपली आणि तिशीच्या उंबरठ्यावर असलेले डॉप्लर बेकार झाले.

त्यानंतरचा काळ कसोटीचा ठरला. अध्यापकपदांसाठी ते अर्ज करत राहिले. दरम्यान उपजीविकेसाठी त्यांनी सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी पत्करली. अखेर युरोप सोडून अमेरिकेत स्थायिक होण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि त्यासाठी घरातील चीजवस्तू विकण्यासही प्रारंभ केला. नेमक्या त्याच वेळी, १८३५ मध्ये, प्राग येथील माध्यमिक विद्यालयात त्यांची निवड झाली आणि अमेरिकेचा बेत मागे पडला. पुढच्याच वर्षी मॅथिल्डे स्टुर्म यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. १८४१ मध्ये डॉप्लर प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाले.

२५ मे १८४२ रोजी प्राग येथे बोहेमियाच्या शाही विज्ञान संस्थेच्या बैठकीत डॉप्लर यांनी जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयीचा आपला निबंध वाचला. श्रोते मोजकेच होते. लहरींचा उगम आपल्याकडे सरकत असेल, तर त्या अधिक दाटीने येऊन पोहोचतात व त्यांची वारंवारता वाढलेली जाणवते. उगम दूर जात असेल, तर ती घटलेली जाणवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. निरीक्षक हलत असला तरी असाच परिणाम होतो. जवळ येणाऱ्या रेल्वेगाडीची शिट्टी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या सुरात ऐकू येते, त्याचे कारण हेच आहे.

१८४५ मध्ये नेदरलँड्सचे शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी उट्रेख्ट शहराजवळच्या लोहमार्गावर या नियमाची परीक्षा घेतली. धावत्या गाडीवर तुतारीवादक बसविण्यात आले आणि मार्गालगत उभ्या असलेल्या सुरांच्या जाणकारांनी स्वरातील फरक नोंदवला. ध्वनीच्या बाबतीत डॉप्लर यांचे गणित खरे ठरले. मात्र ताऱ्यांच्या रंगाविषयीचा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. तारे मुळात पांढरे असतात आणि गतीमुळे रंगीत दिसतात, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ताऱ्याचा रंग प्रामुख्याने त्याच्या तापमानावर अवलंबून असतो. गतीमुळे सरकतात त्या वर्णपटातील रेषा. फ्रान्सचे शास्त्रज्ञ फिझो यांनी १८४८ मध्ये ही बाब स्पष्ट केली. त्यानंतर १८६८ मध्ये ब्रिटनचे विल्यम हगिन्स यांनी याच मार्गाने व्याध ताऱ्याची गती अजमावण्याचा प्रयत्न केला.

डॉप्लर यांची प्रकृती प्रागमध्येच खालावू लागली होती. १८४७ मध्ये ते शेमनित्स येथील खाणविद्या अकादमीत गेले. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. १८४८ च्या राजकीय उलथापालथीनंतर ते व्हिएन्नाला परतले. १८५० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून डॉप्लर यांची नियुक्ती झाली. पुढे आनुवंशिकतेच्या नियमांमुळे प्रसिद्धी पावलेले ग्रेगोर मेंडेल यांनी याच संस्थेत शिक्षण घेतले. १८५२ मध्ये गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी डॉप्लर यांच्या सिद्धांतावर जाहीर टीका केली. इतक्या साध्या सूत्रातून निसर्गाचा मोठा नियम हाती येऊ शकत नाही, असा पेट्झवाल यांच्या आक्षेपाचा रोख होता. हा वाद सुरू असतानाच डॉप्लर यांचा आजार बळावला. उबदार हवामानाच्या आशेने ते नोव्हेंबर १८५२ मध्ये व्हेनिसला गेले. प्रकृतीला उतार पडला नाही आणि १७ मार्च १८५३ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यानंतर सुमारे १०० वर्षांनी या नियमाने वैद्यकशास्त्रात प्रवेश केला. १९५० च्या दशकात जपानमधील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाच्या आणि रक्ताच्या गतीचा वेध घेतला. यात त्वचेवर ठेवलेल्या प्रोबमधून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडला जातो. धावत्या रक्तपेशींवर आदळून तो परततो, तेव्हा त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. या फरकावरून रक्ताचा वेग काढता येतो. उदाहरणार्थ, ध्वनीची वारंवारता ३० लाख हर्ट्झ आणि रक्ताचा वेग सेकंदाला २० सेंटिमीटर असेल, तर ६० अंशांच्या कोनातून पाहताना हा फरक सुमारे ३९० हर्ट्झ भरतो. तो माणसाला सहज ऐकू येतो. पेट्झवाल यांना अपुरे वाटलेले ते साधे सूत्रच या हिशेबाला पुरेसे ठरते.

यकृताच्या बाबतीत या तंत्राचे मोल विशेष आहे. यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून व प्लीहेकडून पोर्टल व्हेन या शिरेतून येते आणि उरलेले यकृत धमनीतून. बाहेर पडणारे रक्त यकृत शिरांमधून अधोमहाशिरेत आणि तेथून लगेच हृदयात जाते. यकृत श्वासपटलाच्या अगदी खाली असल्याने प्रत्येक श्वासाचा त्यावर परिणाम होतो. श्वास आत घेताना छातीतील दाब घटतो, पोटातील दाब वाढतो आणि यकृत शिरांतील रक्त हृदयाकडे अधिक वेगाने ओढले जाते. उच्छ्वासाच्या वेळी हा वेग मंदावतो. श्वास कोंडून जोर लावल्यास छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि यकृत शिरांच्या आलेखातील चढउतार सपाट होतात. जोर लावण्याच्या या क्रियेला इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ आन्तोनियो मारिया वाल्साल्वा (१६६६-१७२३) यांचे नाव देण्यात आले आहे.

हा फरक लक्षात घेणे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. सिरॉसिसमध्ये यकृत कठीण होते, त्यामुळेही हे चढउतार मावळू शकतात. रुग्णाने नकळत जोर लावला असताना नोंद घेतल्यास निरोगी यकृतही आजारी असल्याचा भास होऊ शकतो. म्हणूनच तपासणीच्या वेळी रुग्णाला संथ श्वास घेण्याची किंवा जोर न लावता श्वास क्षणभर थांबवण्याची सूचना दिली जाते. याउलट, पोर्टल व्हेनमधील दाब वाढला असेल, तर तिला मिळणाऱ्या शिरांचा व्यास श्वासाबरोबर एरवी जसा बदलतो तसा बदलत नाही. अशा वेळी श्वासाला न मिळालेला प्रतिसाद हीच निदानाची खूण ठरते.

डॉप्लर यांना आपल्या हयातीत या नियमाची संपूर्ण मान्यता पाहता आली नाही. ज्या ताऱ्यांसाठी तो मांडला गेला, त्यांच्या रंगांचे कोडे त्याने सुटले नाही. मात्र त्यांच्या गतीचे मापन करणारे साधन त्यातूनच मिळाले. वैद्यकशास्त्रात तर हृदय, गर्भ, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि यकृत यांच्या तपासणीत हे नाव दररोज उच्चारले जाते.