ओळखा पाहू, हा ‘चतुर’ कोण?

परवा आमच्या अंबाजोगाईच्या भिशीत चिठ्ठी काढायच्या आधी खेळ घ्यायची पाळी माझ्यावर आली. तंबोला सगळ्यांना पाठ झालाय, आणि संगीत खुर्ची आमच्या गुडघ्यांना झेपत नाही. माझी पुतणी गाण्याच्या परीक्षेला बसलीय. तिच्या वहीतल्या गाण्यांत एक शब्द मला सारखा भेटत होता... चतुर. त्यावरून मी कोडं रचलं. खुणा सांगायच्या आणि एक संगीतकार ओळखायचा. सिनेमातला नाही बरं का, शास्त्रीय! बक्षीस, झाकणाचा स्टीलचा डबा.

पहिली खूण सोपी म्हणून दिली. हा माणूस जन्मला गोकुळाष्टमीला आणि गेला गणेश चतुर्थीला. दुसरी खूण, शिक्षणानं वकील, पण सगळा जन्म कज्जा लढला तो रागांचा. तिसरी, आपल्या गाण्यांत यानं स्वतःचं नाव कधी घातलं नाही, टोपणनाव घातलं.

शेजारच्या काकू लगेच म्हणाल्या, दासोपंत! काकूंचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत, त्यांची ती लांबलचक पासोडी, आणि पदांच्या शेवटी दिगंबराचं नाव. पण दासोपंत सोळाव्या शतकातले, वकिली कुठली करणार? एका वहिनींनी तानसेनाचं नाव घेतलं, तो तर सगळ्याच कोड्यांत येतो. मी आणखी एक खूण दिली, नाव विष्णू. त्यावर दोघी-तिघी एकदमच ओरडल्या, पलुस्कर! नाव बरोबर, आडनाव चूक. विष्णू दिगंबर पलुस्कर हे १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले, लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढणारे. आमचा विष्णू त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठा आणि मुंबईकर.

आता हे टोपणनावाचं प्रकरण काय ते सांगते. आपण उखाण्यात नाव गुंफतो ना, तसंच बंदिशीच्या शेवटी रचणारा आपलं नाव गुंफतो. त्याला मुद्रा म्हणतात. अठराव्या शतकातला नियामत खाँ सदारंग असं नाव घालायचा, आणि पुष्कळदा सोबत बादशहा महंमदशहाचंही नाव घ्यायचा. अगदी आपल्या उखाण्यासारखं! ऐकणाऱ्याला कळतं, ही चीज कुणाची. पण चतुर हे नाव घेतलं तर कोण कळणार? चतुर म्हणजे हुशार, एवढंच. उखाण्यात ‘आमचे हे’ म्हणून वेळ मारून न्यावी, तसलाच प्रकार.

तर हे विष्णू नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला. सतार शिकले वल्लभदास दामुलजींकडे. १८८५ ला बीए, १८८७ ला एलएलबी, मग काही काळ कराचीला वकिली. पण त्याआधीच, १८८४ मध्ये, मुंबईतल्या पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते सामील झाले होते. तिथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी शेकडो धृपदं घेतली. पुढे जयपूरच्या मोहम्मद अली खाँच्या मुलांकडून तशीच ढीगभर ख्यालं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. खानदानी गवई आपली चीज सहजी द्यायचे नाहीत. काही घराण्यांत तर लेकीच्या लग्नात बंदिशी हुंडा म्हणून दिल्या जात. आपल्याकडे नाही का, सासूबाई लोणच्याची कृती सांगतात आणि एक जिन्नस तेवढा गाळतात? तसाच गवईही शिष्याला अंतरा देताना हात आखडायचा. आणि तो गवई गेला की चीजही गेली.

१९०० साली त्यांची पत्नी वारली. १९०३ साली मुलगीही गेली. एकुलती एक. मी हे सांगितलं तेव्हा भिशीतली बडबड थांबली. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, घरात दिवा लावायला कुणी नाही. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. जुने ग्रंथ धुंडाळत गावोगाव हिंडले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. वेंकटमखीचा, बहात्तर मेळ सांगणारा ग्रंथ त्यांना तिथे मिळाला. १९०७ मध्ये पुन्हा प्रवास, नागपूर, कलकत्ता आणि हैदराबाद. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता, म्हणजे एका अर्थी ते आपल्या राजधानीत येऊन गेले म्हणा! तिथे अप्पा तुलसी नावाच्या संस्कृत पंडितांशी त्यांची गाठ पडली. १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस. दु:ख विसरायला हिंडले की आधीपासूनची ओढ होती, कोण सांगणार? पहिला दौरा त्यांनी १८९६ मध्येच केला होता, तेव्हा ओढ होतीच. पण परतायची घाई आता उरली नव्हती, असं मला आपलं वाटतं.

आणि मग चतुरपंडित अवतरले. १९१० च्या सुमारास श्रीमल्लक्ष्यसंगीतम् नावाचा संस्कृत ग्रंथ छापून आला, लेखक चतुरपंडित. त्याच सुमाराला मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धती हा ग्रंथ येऊ लागला, गुरु-शिष्याच्या संवादाचा. त्यावर नाव विष्णुशर्मा. मराठी ग्रंथातले गुरुजी संस्कृत ग्रंथाचे दाखले देतात, चतुरपंडित असं म्हणतो हो, म्हणून सांगतात. जणू तो कुणी दुसराच! दोन्ही हात एकाच माणसाचे. नव्या माणसाचं कुणी ऐकत नाही, संस्कृतात सांगितलं की माना डोलतात, हे त्यांनी ओळखलं असावं. मला ही थोडी लबाडीच वाटते. काकूंना मात्र फार आवडली. अप्पा तुलसींनी तर पुढे चतुरपंडिताच्या मताला धरून संस्कृतात ग्रंथही लिहिले.

त्यांनी केलं काय, तर सगळे राग दहा थाटांत बसवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. मोठ्या खटल्याच्या घरात दहा चुली मांडून द्याव्यात, तसं. काही राग कुठल्याच चुलीवर नीट बसत नाहीत, आणि त्यावर गाणारे आजही भांडतात. प्रत्येक रागाची लक्षणगीतं त्यांनी रचली. राग कोणता, कोणता स्वर वर्ज्य, वादी कोणता, गायचं कधी, हे सगळं त्याच रागात गाऊन सांगायचं. कृती सांगता सांगता पदार्थ तयार! पुतणीच्या वहीतला चतुर तो हाच.

बाकीच्यांच्या चिजा त्यांनी ज्याची त्याची मुद्रा ठेवून लिहून काढल्या. क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग, त्यांत सुमारे अठराशे बंदिशी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. ज्या घरातल्या मुलीला उस्तादापुढे बसायची सोय नव्हती, तिच्या हातात दोन-चार रुपयांत सदारंग आला. सगळं कागदावर येत नाही, हे गाणारी कुणीही सांगेल. मींड कशी लिहिणार? तरीपण नाहीशा होणाऱ्या चिजा उरल्या, ही गोष्ट लहान नाही.

१९१६ मध्ये सयाजीरावांच्या बडोद्याला त्यांनी पहिली संगीत परिषद भरवली. रामपूरच्या नवाबांचा गंडा बांधला, तेव्हा पन्नाशी उलटली होती. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला, १९२६ मध्ये लखनौला संगीताची कॉलेजं निघाली. लखनौच्या कॉलेजला आज त्यांचं नाव आहे, विद्यापीठ झालंय. पण ते निघालं तेव्हा नाव होतं मॅरिस कॉलेज, गोऱ्या गव्हर्नरचं. इथेही हे गृहस्थ मागेच!

१९३३ मध्ये अर्धांगाचा झटका आला. तीन वर्षं अंथरुणावर. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी मुंबईत ते गेले. क्रमिक मालिकेचे शेवटचे भाग नंतर छापून आले.

डबा कुणालाच मिळाला नाही, कारण नाव शेवटी मलाच सांगावं लागलं. डबा तसाच पुढच्या भिशीला ठेवलाय. काकूंनी मात्र तिथेच बजावून ठेवलंय, त्या वेळेला दासोपंतच हवेत, आणि डबा आत्ताच त्यांच्या नावानं बाजूला काढायचा.