हिशेब मागणारा परका

पिट्सबर्गच्या बालाजीला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. दर्शन घ्यायचं, खाली कॅन्टीनमधला चिंचेचा भात खायचा आणि गाडी घराकडे वळवायची, असा आपला ठरलेला कार्यक्रम. पण पुढच्या वेळी जरा वेळ काढून दक्षिणेकडे जा. तास-दीड तासावर, मोनोन्गाहेला नदीच्या काठी उंचावर, फ्रेंडशिप हिल नावाचं एक जुनं घर आहे. आता ते नॅशनल पार्कवाल्यांच्या ताब्यात आहे. घर आल्बर्ट गॅलटिनचं. शाळेत मुलांना वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन शिकवतात. गॅलटिनचं नाव एखाद्या ओळीत येतं आणि जातं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी मात्र त्याची गोष्ट माहीत करून घ्यायला हवी.

गॅलटिनचा जन्म १७६१ सालचा, जिनिव्हातल्या खानदानी घरातला. आईवडील लहानपणीच गेले, आणि वडिलांच्या नात्यातल्या एका बाईंनी त्याला वाढवलं. शिक्षण उत्तम झालं. आजीच्या मनात होतं की नातवानं जर्मनीतल्या हेसच्या राजाच्या फौजेत अधिकारी व्हावं. हेसचे भाडोत्री सैनिक त्या वेळी इंग्रजांच्या बाजूनं अमेरिकेत लढत होते. नातवानं नकार दिला. १७८० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो एका मित्राबरोबर घरी न सांगता निघाला आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागला. खिशात थोडे पैसे आणि विकायला बरोबर आणलेला चहा. व्यापार काही जमला नाही. मेनच्या जंगलात मच्छियास इथे एक हिवाळा काढला, हार्वर्डमध्ये मुलांना फ्रेंच शिकवलं, मग ओहायो नदीच्या बाजूला जमिनी घेण्याच्या नादात तो पश्चिमेकडे सरकला. १७८५ मध्ये व्हर्जिनियात त्यानं निष्ठेची शपथ घेतली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तीच त्याच्या अंगावर आली.

मोनोन्गाहेलाकाठी जमीन घेऊन त्यानं घर बांधलं. १७८९ मध्ये सोफिया नावाच्या मुलीशी, तिच्या आईचा विरोध पत्करून, लग्न केलं. पाच महिन्यांत सोफिया वारली. तिला त्याच घराच्या आवारात पुरलं. एकटा पडलेला हा माणूस मग राजकारणात ओढला गेला. त्याचे फ्रेंच ढंगाचे उच्चार शेवटपर्यंत सुटले नाहीत आणि वक्ता म्हणून तो काही मैदान मारणारा नव्हता. पण आकडे! पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत अर्थविषयक कामाचा गाडा तोच ओढत असे. त्याच विधानसभेनं १७९३ मध्ये त्याला अमेरिकेच्या सिनेटवर निवडून पाठवलं.

राज्यघटना लागू होऊन तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. पक्ष असूच नयेत असं सगळेच बोलत होते, आणि पक्ष मात्र तयार होत होते. अर्थमंत्री हॅमिल्टनच्या बाजूचे ते फेडरलिस्ट. त्यांना मजबूत केंद्र, राष्ट्रीय बँक आणि केंद्रीय कर हवे होते. जेफरसन आणि मॅडिसनच्या बाजूचे ते रिपब्लिकन (आजचा त्या नावाचा पक्ष वेगळा, गल्लत नको). या दुसऱ्या बाजूचा गॅलटिन सिनेटमध्ये आला आणि आल्या आल्या त्यानं हॅमिल्टनच्या खात्याकडे सविस्तर हिशेब मागितला. कर्ज किती, कुठून आलं, पैसा कुठे गेला.

तिकडे त्याच्या निवडीविरुद्धचा अर्ज आधीच सिनेटपुढे पडलेला होता. सिनेटर व्हायला नऊ वर्षांचं नागरिकत्व लागतं, आणि शपथ १७८५ ची म्हणजे आठच वर्षं भरतात. गॅलटिनचं म्हणणं असं की, मी १७८० पासून इथे आहे, युद्धाच्या काळात इथल्या बाजूनं उभा राहिलोय, मोजणी तिथून करा. तोवर सिनेटचं कामकाज बंद दाराआड चालत असे. या प्रकरणाच्या चर्चेसाठी प्रथमच लोकांना आत बसू दिलं. फेब्रुवारी १७९४ मध्ये १४ विरुद्ध १२ मतांनी त्याला घरी पाठवलं. कायद्याच्या भाषेत फेडरलिस्टांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण १२ मतं त्याच्या बाजूला पडली, आणि मतं पक्षाच्या रेषेवरच विभागली गेली, हेही खरं.

घरी परतला तर तिथे आग लागलेली. ॲलेघेनी डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला राय धान्य पोत्यांतून डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. त्याची व्हिस्की गाळली की तेच ओझं घोड्यावर मावत असे. रोख पैसा दुर्मीळ, त्यामुळे व्यवहारातही व्हिस्कीच चालायची. हॅमिल्टननं १७९१ मध्ये नेमका तिच्यावर कर बसवला, आणि खटला झाला तर माणसानं डोंगर ओलांडून फिलाडेल्फियाला हजर व्हायचं. १७९२ मध्ये पिट्सबर्गला विरोधाची सभा झाली तेव्हा तिचा चिटणीस गॅलटिन होता. कर वसूल करणाऱ्यांवर बहिष्कार घालायचा ठराव त्या सभेत झाला. पुढे त्यानं स्वतः कबूल केलं की राजकारणातलं आपलं हे एकच पाप.

१७९४ च्या जुलैत कर अधिकाऱ्याचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टननं जवळपास १३,००० सैनिक गोळा केले. ऑगस्टच्या शेवटी ब्राउन्सव्हिलला प्रतिनिधींची बैठक भरली, बाहेर बंदुका घेतलेले लोक उभे. सरकारपुढे नमतं घ्या असं म्हणणारा माणूस तिथून सुखरूप परत जाईल याची खात्री नव्हती. गॅलटिन उठला आणि तेच बोलला. कर चुकीचा आहे, पण सरकार आपण निवडलेलं आहे, तेव्हा बंदूक उचलायची नाही, मतानं बदलायचं. ३४ विरुद्ध २३ मतांनी नमतं घ्यायचं ठरलं. फौज आली तोवर लढायला कोणी उरलं नव्हतं. त्याच वर्षी शेजारच्या मतदारसंघानं, जिथे तो राहतही नव्हता, त्याला काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात निवडून दिलं.

तिथे सरकारी खर्चावर नजर ठेवायला अर्थविषयक समिती असावी यासाठी त्यानं जोर लावला. मॅडिसन गेल्यावर विरोधी बाकांचा नेता तोच झाला. १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाचं वातावरण तापलं आणि फेडरलिस्टांनी चार कायदे आणले. परक्या माणसाला राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीनं देशाबाहेर काढता येईल, सरकारवर टीका छापली तर तुरुंग, आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांऐवजी चौदा वर्षं थांबायचं. फ्रेंच हेल काढून बोलणाऱ्या गॅलटिनची टिंगल रोजचीच झाली होती. तरी तो उभा राहून या कायद्यांविरुद्ध बोलत राहिला. आज आपण ग्रीनकार्ड मिळाल्यावर जी पाच वर्षं मोजतो ना, ती जेफरसन सत्तेवर आल्यानंतर १८०२ मध्ये परत आणलेली पाच वर्षं.

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याचाच सहकारी बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे जेफरसन निवडला गेला, आणि तोवर आपल्या बाजूची राज्यं फुटू न देण्याचं काम गॅलटिनकडे होतं. अमेरिकेत सत्ता पहिल्यांदाच एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, तीही गोळी न झाडता.

अर्थमंत्री गॅलटिन. जवळजवळ तेरा वर्षं तो त्या खुर्चीत बसला. इतका काळ आजवर कोणीच बसलेलं नाही. व्हिस्कीवरचा कर गेला, खर्च कापला. १८०१ मध्ये सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलर असलेलं कर्ज १८१२ पर्यंत साडेचार कोटींवर आलं, आणि मध्ये दीड कोटीचा लुइझियाना खरेदी करूनसुद्धा! त्या खरेदीच्या वेळी मजा झाली. केंद्राचे अधिकार घटनेत लिहिल्यापलीकडे जाऊ नयेत म्हणणारा जेफरसन अडखळला, कारण जमीन विकत घ्यायचा अधिकार घटनेत कुठे लिहिलेला नाही. राष्ट्र म्हटलं की तो अधिकार आलाच, हे त्याला गॅलटिननं समजावलं. १८०८ मध्ये तर त्यानं रस्ते आणि कालव्यांसाठी दोन कोटी डॉलरची केंद्रीय योजना मांडली.

सत्तेची खुर्ची माणसाला काय काय करायला लावते ते बघा. इंग्लंड-फ्रान्सला धडा शिकवायला जेफरसननं १८०७ मध्ये परदेशी व्यापारच बंद केला. गॅलटिनला हा उपाय कायमचा नको होता, त्यापेक्षा त्याला युद्ध बरं वाटत होतं. पण अंमलबजावणी त्याच्याच खात्याकडे. चोरटा व्यापार थांबेना, तेव्हा सरकारला मनमानी म्हणता येतील असे अधिकार द्यावे लागतील, असं त्यानंच कळवलं. परक्यांना हाकलण्याच्या अधिकाराविरुद्ध दहा वर्षांपूर्वी बोलणारा तोच हा. मला त्याचं हे पान आवडत नाही, पण वगळणंही बरोबर नाही.

नंतर त्याला स्वपक्षानंच पाडलं. १८०९ मध्ये मॅडिसनला तो परराष्ट्रमंत्री हवा होता, सिनेटमधल्या स्वपक्षीयांनी होऊ दिलं नाही. १८११ मध्ये हॅमिल्टनची बँक चालू ठेवा म्हणून तो सांगत होता. प्रतिनिधिगृहात एका मतानं घोडं अडलं, सिनेटमध्ये १७-१७ झाल्यावर उपराष्ट्राध्यक्ष क्लिंटननं विरोधात मत टाकलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध, आणि तिजोरीत खडखडाट. १८१३ मध्ये १ कोटी ६० लाखांचं कर्ज उभारायचं होतं. त्याचा मोठा भाग तिघांनी उचलला. जिरार्ड फ्रान्समध्ये जन्मलेला, पॅरिश हॅम्बुर्गचा, ॲस्टर जर्मनीतल्या एका गावचा. मागणारा जिनिव्हाचा. देशाची तिजोरी त्या वर्षी अशी चालली.

तहाच्या बोलणीसाठी तो युरोपात गेला. २४ डिसेंबर १८१४ ला घेंटच्या तहावर सह्या झाल्या. शिष्टमंडळातले ॲडम्स आणि क्ले एकमेकांवर गुरगुरायचे, आणि त्यांना शांत करणं हे इंग्रजांशी बोलण्याइतकंच मोठं काम गॅलटिनकडे होतं. त्याच हिवाळ्यात हार्टफर्डला जमलेले फेडरलिस्ट नव्यानं नागरिक झालेल्यांना काँग्रेसमध्ये बसू देऊ नये अशी घटनादुरुस्ती मागत होते.

पुढे पॅरिस आणि लंडनला वकिलात, न्यूयॉर्कला बँकेचं काम, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्थापनेत वाटा, मूळनिवासी जमातींच्या भाषांचा मोठा अभ्यास. मेक्सिकोवरचं युद्ध अन्यायाचं आहे असं त्यानं लिहून छापलं तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता.

१८४९ च्या मे महिन्यात त्याची दुसरी पत्नी हॅना गेली, ऑगस्टमध्ये तोही. वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च आहे, तिथल्या आवारात त्याला पुरलं. न्यूयॉर्कला पाहुणे आले की आपण त्यांना तिथे हॅमिल्टनची कबर दाखवतो. हॅमिल्टनही बाहेरचाच, कॅरिबियन बेटावरचा. त्याच आवारात, हिशेब मागणाराही आहे.