नोकरी गेलेल्या कामगाराचे बाबासाहेब

मुलुंड, अंधेरी, कांदिवली येथील कामगार विमा रुग्णालयांत आपल्या वस्त्यांमधले शेकडो कामगार कार्ड घेऊन रांगेत उभे असतात. त्या कार्डाची मुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कामापर्यंत जातात, हे आपल्यातल्या अनेक तरुणांना ठाऊक नसते. संविधानाचे शिल्पकार आणि धम्मचक्र प्रवर्तक म्हणून आपण त्यांना वंदन करतो, पण कामगारांचे बाबासाहेब आजही कमी वाचले जातात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात वाढले. पुढे कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकून आल्यावरही त्यांचा मुक्काम अनेक वर्षे परळच्या चाळीतच होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी परदेशी व्यापाराचा हिशेब कामगाराच्या बाजूने मांडला. रुपयाचा भाव पडला की निर्यात करणाऱ्याला फायदा होतो. महागाई वाढते, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा कामगाराच्या ताटातून निघतो.

गिरण्यांत आपल्या माणसांची स्थिती आणखी वाईट होती. विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे धाग्याला तोंड लावावे लागे. त्यामुळे विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे ठेवला. १९३० नंतर जपानी कापडाची स्पर्धा वाढली, मालकांनी मजुरी कापली आणि १९३४ मध्ये पुन्हा संप झाला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कामगारांसोबत रस्त्यावर उतरले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि जून १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार एका मेजावर बसले. १९४३ मध्ये प्रा. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. युद्ध संपताना लाखो सैनिक आणि कामगार मोकळे होणार होते. त्यांना नवे काम मिळावे म्हणून १९४५ मध्ये सरकारी रोजगार केंद्रांची व्यवस्था सुरू झाली. बेकार माणसाला काम शोधून देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार होता.

त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काबरोबर बेकारीत सरकारी मदतीचाही उल्लेख आहे. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. न्यायालयात जाऊन तो थेट मागता येत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हाही कामगार विम्यात आजारपण होते, अपघात होता, बाळंतपण होते. बेकारी नव्हती.

ही पोकळी पुढे तुकड्यातुकड्याने भरली गेली. १९८६ मध्ये कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्राची योजना आली. पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के, अशी ती मदत होती. विमाधारकांसाठी बेकारी भत्ता आला २००५ मध्ये आणि दुसरी योजना २०१८ मध्ये. परदेशी मालामुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नवे प्रशिक्षण देणारा कायदा अमेरिकेने १९६२ मध्येच केला होता. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातले किती कारखाने गेले आणि तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कारखाना परदेशी मालामुळे बंद पडो की जमिनीच्या भावामुळे, निर्णय कामगाराचा नसतो. भार मात्र त्याच्या घरावर पडतो. कंत्राटी कामगाराच्या नावावर तर अनेकदा विम्याचा हप्ताही भरलेला नसतो. मग भत्ता मागायचा कशाच्या आधारावर?

तरुण मित्रांनो, जयंतीची मिरवणूक जरूर काढू या. त्याचबरोबर विहारात महिन्यातून एक दिवस कामगारांची कागदपत्रे तपासू या. विमा क्रमांक आहे का, हप्ता भरला जातो का, नोकरी गेल्यावर अर्ज कुठे करायचा, एवढे तरी प्रत्येक घराला कळले पाहिजे. बेकारीतली मदत ही भीक नव्हे, हक्क आहे. बाबासाहेबांनी त्याचा पाया घातला. कलम ४१ कागदावरून कामगाराच्या घरापर्यंत आणण्याचे काम आता आपले आहे.

जयभीम!