पेशींचे वैद्य : रुडॉल्फ फिरखो



जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीचा धडा लागला की रुडॉल्फ फिरखो हे नाव एका ओळीत येते आणि जाते. (हिंदी पुस्तकांतली कोशिका तीच आपली पेशी. हिंदीत पेशी म्हटले की कोर्टाची तारीख आठवते!) त्या एका ओळीमागचा माणूस फार मोठा होता, म्हणून यावेळी त्यांची माहिती देत आहोत.

फिरखोंचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील एका लहान गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. घरची स्थिती बेताचीच होती. लष्करी डॉक्टर तयार करणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले आणि १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे शॅरिटे या इस्पितळात शवविच्छेदन करता करता त्यांच्या लक्षात आले की मृत्यूचे खरे कारण शोधायचे तर सूक्ष्मदर्शकाशिवाय गत्यंतर नाही.

पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून वाहत वाहत फुप्फुसात जाऊन अडकते, हे त्यांनी दाखवून दिले. अशीच गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकली तर काय होते? आज आपल्याला ठाऊक आहे की पुढच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, त्यांची ऊर्जा संपते, क्षार व पाणी बाहेर फेकणारी यंत्रणा बंद पडते आणि पेशी फुगते. रक्त वेळेत सुरू झाले तर ती सावरते. नाहीतर तिचे आवरण फाटते, आतली पाचक द्रव्ये तिलाच खातात आणि ती मरते. हृदयात ही वेळ साधारण अर्ध्या तासाने येऊ लागते. म्हणूनच छातीत दुखू लागले तर घरी बसून वाट पाहू नये, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

इतका तपशील फिरखोंच्या काळी माहीत नव्हता. पण रोग शरीरभर पसरलेल्या कुठल्या दूषित रसात नसून पेशीच्या बिघाडात असतो, हे त्यांनी १८५८ च्या आपल्या व्याख्यानांत ठामपणे मांडले. पेशी पेशीपासूनच जन्मते हा विचार मात्र रॉबर्ट रेमाक यांनी आधीच मांडला होता. श्रेय फिरखोंना मिळाले, हे आम्हाला खटकते.

१८४८ मध्ये सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात टायफसची साथ पाहण्यास पाठविले. तिथे पोलिश बोलणारी गरीब माणसे उपासमारीने खंगलेली होती. फिरखोंनी अहवालात औषधांपेक्षा अन्न, स्वराज्य आणि शिक्षण यांवर भर दिला. लोकांच्या पोलिश भाषेला अधिकृत स्थान द्यावे, हेही सुचविले. आपल्या शाळेच्या पालकांना व विश्वस्तांना ही गोष्ट जवळची वाटेल. सरकारला अर्थातच हे रुचले नाही. त्यातच बर्लिनच्या क्रांतीत ते रस्त्यावर उतरले. पुढच्या वर्षी बर्लिन सोडून त्यांना वुर्त्सबुर्गला जावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले, नगरसेवक झाले आणि बर्लिनच्या भूमिगत गटारांसाठी झटले.

एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या सेमेलवाइस यांचे म्हणणे त्यांनी मानले नाही. जंतूंमुळे रोग होतो हेही त्यांना सहज पटले नाही. १८८२ मध्ये त्यांच्याच बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला, तरी त्यांची शंका लगेच गेली नाही. पेशीत काय बिघडते हे त्यांनी पाहिले, पण ते बिघडविणारा बाहेरून येऊ शकतो, हे स्वीकारणे त्यांना जड गेले.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, चालत्या ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पुरते उठले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.