बाजाराच्या छपराखालचे मंगलकार्य

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आमच्या वसतिगृहातील लहानग्यांनाही ठाऊक आहे. त्यांचा विवाह कोठे झाला, हे मात्र थोरांनाही क्वचितच आठवते. दापोलीजवळच्या वणंदच्या रमाईंशी विद्यार्थिदशेतच त्यांचे लग्न लागले, ते मुंबईत भायखळ्याच्या बाजारात. विक्रेते घरी गेल्यावर रिकाम्या छपराखाली एका कोपऱ्यात वराकडील, तर दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडील मंडळी बसली. दगडी ओटे हीच त्यांची बैठक. पुढे त्या संसाराने दारिद्र्य आणि अपत्यवियोग सोसला. मंडप नव्हता म्हणून त्याचे मोल मात्र कमी झाले नाही.

परदेशी शिकताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमविले. हाती आलेला पैसा विद्येकडे वळविणे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम राहिला.

२० मार्च १९२७ रोजी त्यांनी आपल्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरातील परिषदेच्या वेळी ते येथील स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेची खूण ठरलेले जड दागिने टाकावेत, वस्त्र ठिगळाचे असले तरी स्वच्छ असावे आणि मुलींना शिकवावे, असा त्यांचा उपदेश होता.

२७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले. १५ एप्रिल १९४८ रोजी, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. पहिल्या वेळी साधेपणा परिस्थितीने लादला होता. या वेळी तो त्यांनी स्वतः स्वीकारला.

आज महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत वैशाखात मंडप पडतात. बुद्धप्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, एवढ्यात मंगल परिणय पूर्ण होतो. हळदीचा डीजे, गावजेवण, आहेरांचे मानपान हे सारे लोकांच्या नजरेसाठी. त्याचे कर्ज फेडता फेडता धाकट्या बहिणीची शाळा सुटते, हे आम्ही पाहिले आहे. आणि तशा पंक्तींना आम्हीही जेवलो आहोत.

म्हणून पालकांना आमची नम्र विनंती आहे. लग्नपत्रिका छापण्यापूर्वी घरातील शिकणाऱ्या मुलामुलींचा पुढील वर्षाचा खर्च बाजूला काढून ठेवावा आणि उरेल त्यातच मंगलकार्य करावे. जयंतीला पुष्पहार अर्पण करणाऱ्या आम्हा सर्वांकडून बाबासाहेबांच्या चरित्राला एवढे तरी द्यावयास हवे.